भुशापासून सुपरकॅपॅसिटर आणि घरातली बॅटरी: प्रति ग्रॅम फॅरडच्या आकड्याने नक्की काय सिद्ध होते?

लोकमान्यनगरी (इंदूर)

गेल्या आठवड्यात सिमरोळकर यांनी या मंचावर टाकलेला लेख ज्यांनी वाचला नसेल, त्यांच्यासाठी त्याचा सारांश देतो. माळव्यात सोयाबीन काढल्यावर उरणाऱ्या भुशापासून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साहाय्याने सक्रिय कार्बन (असंख्य सूक्ष्म छिद्रांचा कोळसा) तयार करता येतो आणि त्याची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता (एकक फॅरड), प्रति ग्रॅम 300 फॅरड भरते. त्यावर निकेल-कोबाल्ट ऑक्साइडचा थर चढवला की हा आकडा 1500 वर जातो. म्हणून येत्या पाच वर्षांत घरोघरीच्या इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी हद्दपार होऊन तिच्या जागी पाच मिनिटांत भरणारा ‘संकरित सुपरकॅपॅसिटर’ (पृष्ठभागावर विद्युतभार साठवून झटपट भरणारा कॅपॅसिटर आणि बॅटरी यांचा मिलाफ) येईल, असे त्यांचे भाकीत आहे. त्याखाली अभिनंदनाची रांग लागली आणि स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराचे हे पुढचे पाऊल आहे, असेही एकाने लिहिले. हिशेब मात्र कोणीच मांडला नाही, म्हणून तो मी मांडतो.

प्रति ग्रॅम 300 फॅरड ही एका इलेक्ट्रोडची, म्हणजे घटाच्या एका ध्रुवाच्या पट्टीची, धारकता आहे. घटात दोन इलेक्ट्रोड एकापाठोपाठ एक येतात. त्यामुळे धारकता निम्मी होते आणि वजन दुप्पट, म्हणजे हातात प्रति ग्रॅम 75 फॅरड उरतात. पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटला (दोन इलेक्ट्रोडमधल्या विद्युतवाहक द्रावणाला) 1.23 व्होल्टची मर्यादा आहे, त्यापुढे पाणीच फुटू लागते. म्हणून असा घट साधारण एका व्होल्टवर चालवतात. 75 चा अर्धा आणि व्होल्टतेचा वर्ग यांचा गुणाकार साडेसदतीस ज्यूल येतो, म्हणजे प्रति किलो जेमतेम दहा वॉट-तास. हेसुद्धा फक्त कार्बनचे वजन धरून; धातूची पत्री, विलगक, इलेक्ट्रोलाइट आणि डबा मिळवले की त्याचा तिसरा-चौथा हिस्सा उरतो. बाजारात मिळणारे चांगले सुपरकॅपॅसिटर सेंद्रिय इलेक्ट्रोलाइट वापरून 2.7 व्होल्टवर चालतात, तरीही ते प्रति किलो पाच ते सात वॉट-तासांच्या फारसे पुढे जात नाहीत. आपल्या घरातली 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास साठवते. तेवढी ऊर्जा सुपरकॅपॅसिटरमध्ये हवी असेल तर सुमारे तीन क्विंटल माल जिन्याखाली मांडावा लागेल.

आता त्या पाच मिनिटांविषयी. 1800 वॉट-तास पाच मिनिटांत भरायचे तर 21.6 किलोवॉट लागतात, म्हणजे 230 व्होल्टवर 90 अँपिअरहून अधिक. सुदामा नगरातल्या किती घरांना एवढ्या भाराची जोडणी आहे? पदार्थ कितीही चपळ असला तरी मीटरपासून येणारी तार तीच राहते.

निकेल-कोबाल्टचा आकडा तर याहून फसवा आहे. हे पदार्थ विद्युतभार ठरावीक व्होल्टतेच्या आसपास घेतात आणि सोडतात. हे बॅटरीचे वर्तन झाले. कॅपॅसिटरप्रमाणे व्होल्टतेच्या सरळ प्रमाणात ते भार साठवत नाहीत. त्यांना फॅरड लावणेच चूक आहे, हे सिमों, गोगोत्सी आणि डन या क्षेत्रातल्याच धुरंधरांनी 2014 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. अर्ध्या व्होल्टच्या खिडकीत 1500 फॅरड म्हणजे 750 कूलोम, म्हणजेच प्रति ग्रॅम 208 मिलिअँपिअर-तास. या एककात आकडा लिहिला असता तर तो निकेलच्या एका बऱ्यापैकी बॅटरी-इलेक्ट्रोडचा ठरला असता आणि कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या.

माझी नोकरी उपकेंद्रांवर गेली. तेथे बॅटरी-खोलीतले दोन-दोन व्होल्टचे 55 घट 110 व्होल्ट देतात आणि बाहेरचा पुरवठा पूर्ण गेला तरी ब्रेकर उघडण्याची शक्ती तेवढीच शिल्लक असते. बॅटरीविषयी कोणी हलकेपणाने लिहिले की मला राग येतो, तो यामुळे.

सिमरोळकर

काकांनी एवढा हिशेब केला याचा आनंद आहे. लेखाच्या मधल्या चार परिच्छेदांकडे मात्र त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. दोन्ही बाजूंना कार्बन असलेल्या घटाची मर्यादा काय आहे, हे मीच तेथे लिहिले आहे, आणि संकरित रचनेची गरज तिच्यातूनच निर्माण होते. एका बाजूला बॅटरीसारखा पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला सक्रिय कार्बन ही कल्पना माझी नव्हे. अमातुच्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये लिथियम टायटेनेट आणि सक्रिय कार्बन यांची जोडी मांडली होती. लिथियम-आयन कॅपॅसिटरमध्ये ग्रॅफाइटमध्ये आधीच लिथियम भरून ठेवतात, त्यामुळे घट 3.8 व्होल्टपर्यंत नेता येतो. ऊर्जा व्होल्टतेच्या वर्गाने वाढते, हे सूत्र काकांनीच वर वापरले आहे. असे घट आज प्रति किलो दहा ते वीस वॉट-तास देतात आणि लाखो वेळा भरून रिकामे करता येतात. शिसे-आम्ल बॅटरी खोलवर रिकामी करत गेल्यास काही शे आवर्तनांत थकते.

दुसरे असे की, लिथियम लोह फॉस्फेट या बॅटरीच्या पदार्थालाही एकेकाळी हेच ऐकावे लागले होते. 1997 मध्ये पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी तो पदार्थ मांडला, तेव्हा त्याची विद्युतवाहकता इतकी क्षीण होती की जलद प्रवाहाच्या कामासाठी त्याला कोणी विचारले नसते. कणांचा आकार नॅनोमीटरवर आणून त्यांना कार्बनचे आवरण दिल्यावर त्याच पदार्थावर आज बस आणि रिक्षा धावत आहेत. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक आकड्याला पहिल्याच दिवशी तराजूत घातले असते तर हे घडले नसते.

राहिले ‘पाच वर्षांत’ हे शब्द. ते उत्साहाचे होते आणि ज्यांना टोचले त्यांनी ते खुशाल खोडावेत. शिष्यवृत्तीचे पैसे वर्षवर्ष येत नाहीत, चाचणीच्या यंत्रावर रांग असते आणि रसायने सर्वांत स्वस्त निविदेची घ्यावी लागल्याने त्यांतली अशुद्धी आधी आम्हीच काढतो. अशा परिस्थितीत उत्साहाचे एखादे वाक्य तरी राहू द्यावे, एवढीच विनंती.

सियागंज_बॅटरी

दोन्ही विद्वानांचे वाचले. बॅटऱ्या विकणे आणि दुरुस्त करणे हा आमचा घरचा धंदा आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. ज्या बॅटऱ्या आमच्याकडे मेलेल्या येतात त्यांतल्या बहुसंख्य पदार्थाच्या दोषामुळे मेलेल्या नसतात. पाणी न घातल्याने प्लेट उघड्या पडतात. महिनोन्‌महिने अर्धवट भरलेल्या राहिल्याने त्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात. इन्व्हर्टरचे भरणाचे व्होल्टेज चुकीचे लावलेले असते. तुमचा संकरित घट उद्या आला तरी तो त्याच जिन्याखाली, त्याच धुळीत आणि त्याच गिऱ्हाइकाच्या हाती जाणार आहे.

इन्व्हर्टरसाठी लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्या आता आम्हीही ठेवतो. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची बॅटरी एका हाताने उचलता येते, पाणी घालावे लागत नाही आणि जवळजवळ पूर्ण रिकामी केली तरी तक्रार करत नाही. तरी गिऱ्हाईक शिसेच नेते, याचे कारण मात्र येथे कोणी लिहिले नाही. शिशाची बॅटरी मेल्यावर तिला वजनावर भाव मिळतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीतून तो वजा होतो. मेलेल्या लिथियमच्या बॅटरीचे काय करायचे, असे गिऱ्हाईक विचारते तेव्हा माझ्याकडे उत्तर नसते. शिसे जवळजवळ पूर्ण परत वितळवून वापरता येते. जगात एवढे चोख फिरणारे दुसरे बॅटरी-द्रव्य दाखवा, मग शिसे हद्दपार करा.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

मूळ चर्चेत मला पडायचे नव्हते, पण ‘चोख’ हे विशेषण वाचून राहवले नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्या जुन्या घराच्या मागच्या गल्लीत एक जण रात्री जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवत असे. आम्ल सरळ नालीत जायचे, धूर आमच्या गच्चीवर यायचा आणि सकाळी तुळशीच्या पानांवर राखाडी थर दिसायचा. त्याच्या स्वतःच्या मुलाला शाळेत काही लक्षात राहत नसे आणि त्याचे पोट सतत दुखत असे. वस्तीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, तर बाप म्हणाला की जंत झाले असतील. शिसे परत वापरता येते हे खरे आहे; परत वापरताना ते कोणाच्या रक्तातून जाते, हा हिशेब सियागंजच्या तराजूत कधीच येत नाही. युनिसेफने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतात 27 कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर पाच मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांचा अनौपचारिक पुनर्वापर हे त्यामागचे एक मोठे कारण सांगितले आहे.

सियागंज_बॅटरी

ताई, मी गल्लीत भट्टी लावत नाही. जुना माल मी नोंदणी असलेल्या कारखान्याला देतो आणि त्याची कागदपत्रे माझ्याकडे आहेत. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली, 2001 च्या नियमांतही विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घेण्याची तरतूद होती, आणि आम्ही ती पाळत आलो. पण गल्लीतला भट्टीवाला मला मिळतो त्याहून जास्त भाव दारात येऊन रोख देतो, कारण त्याला धुराचे नळकांडे, गाळणी आणि कर यांपैकी कशाचाच खर्च नसतो. गिऱ्हाईक त्यालाच विकते. ते गिऱ्हाईक तुमच्यासारखे सुशिक्षितच असते, हे लिहितो म्हणून राग मानू नये.

लष्करवाली

राग मानते. ज्याला पन्नास रुपये जास्त हवेत तो दोषी, आणि जो वर्षानुवर्षे तेच व्यवहार बघत आला तो फक्त साक्षीदार, अशी ही मांडणी सोयीची आहे. आपण दुकानात ‘जुनी बॅटरी दिल्याशिवाय नवी मिळणार नाही’ अशी अट का ठेवत नाही? धंदा शेजारच्या दुकानात जाईल म्हणून. मग नियम पाळण्याचा अभिमान कशाला?

लोकमान्यनगरी

धागा सुपरकॅपॅसिटरच्या पदार्थांविषयी आहे, याची दोघांनाही नम्र आठवण करून देतो. आणि ती करून दिल्यानंतर स्वतःच शिशाविषयी लिहितो, कारण या वादात एक गोष्ट राहून गेली आहे. संकरित रचनेचे जे उदाहरण मला आजवर सर्वांत पटले ते शिशाचेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने अल्ट्राबॅटरी तयार केली आणि जपानच्या फुरुकावा कंपनीने ती बनवली. तिच्यात ऋण प्लेटचा एक भाग शिशाचा आणि दुसरा कार्बनचा असतो. दोन्ही एकाच डब्यात, एकाच आम्लात समांतर राहतात आणि त्यांच्यामध्ये कोणतेही इलेक्ट्रॉनिक मंडल लागत नाही. अचानक आलेला मोठा प्रवाह आधी कार्बन झेलतो, त्यामुळे ऋण प्लेटवर सल्फेटचा कडक थर जमण्याचे प्रमाण घटते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस राहणे हेच साध्या बॅटरीचे मरण असते, आणि सौर व पवन ऊर्जेच्या साठ्यात तर ती नेमकी त्याच अवस्थेत असते. कार्बनच्या पृष्ठभागावर हायड्रोजन लवकर सुटतो, तो आवरण्यासाठी त्यांना बराच खटाटोप करावा लागला. यात प्रति ग्रॅम फॅरडचा एकही विक्रम नाही, तरी बॅटरीचे आयुष्य वाढले. सिमरोळकरांनी या वाटेवर लिहिले असते तर मी रांगेत उभा राहून अभिनंदन केले असते.

सिमरोळकर

म्हणजे परदेशी संस्थेने कार्बन घातला तर ती अभियांत्रिकी होते आणि सिमरोळ रस्त्यावर घातला तर ती फसवणूक होते, असा नियम दिसतो. हरकत नाही. निकेल-कोबाल्टचा आकडा फॅरडमध्ये लिहायला नको होता, हे मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे. पण ज्या नियतकालिकांत आम्हाला छापून आणावे लागते त्यांतल्या निम्म्या लेखांचे मथळे फॅरडने सुरू होतात, आणि तक्त्यात इतरांचा आकडा 1400 असताना मी 208 लिहिले तर परीक्षक पहिल्याच फेरीत परत पाठवतात. बढतीचे गुण लेखांवर मिळतात, पदार्थ कोठे चालला यावर नाहीत. काकांनी आपला राग त्या पद्धतीवर काढावा. मी तिचा बळी आहे, शिल्पकार नव्हे.

आणि बॅटरीचे वर्तन ओळखायला गोगोत्सींचा आधार घ्यायचीही गरज नाही. आपल्याच शहरात राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारा कणत्वरक, आहे. त्याच्या क्ष-किरण शोषणाच्या किरणरेषेवर भरताना आणि रिकामे करताना निकेलची संयुजा बदलते का, हे थेट दिसते. ते मोजून मगच लिहावे, हे तत्त्वतः मान्य आहे.

राजमहाल_रोड (बडोदे)

मी पदार्थवाला नाही. कारखान्यात बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांच्या देखभालीचे काम माझ्याकडे होते, आणि वरचे सगळे वाचताना आमचा एक उद्योग आठवला. रॅम्पच्या चढावर भरलेली गाडी उभी राहून पुन्हा निघाली की 48 व्होल्टच्या शिशाच्या संचातून प्रचंड प्रवाह खेचला जाई आणि संच वर्षाच्या आत बसत असे. वरिष्ठांच्या परवानगीने आम्ही सुपरकॅपॅसिटरची एक माळ संचाला सरळ समांतर जोडली. सुरुवातीच्या धक्क्याचा प्रवाह अँपिअरमापकावर डोळ्यांना दिसेल इतका उतरला आणि त्या गाडीचा संच इतरांपेक्षा बराच जास्त टिकला. म्हणून सुपरकॅपॅसिटर निरुपयोगी आहेत, असा सूर कोणी लावत असेल तर तो मला मान्य नाही.

पण सिमरोळकर, त्यात दोन खोड्या निघाल्या आणि दोन्ही तुमच्या लेखात नाहीत. पहिली अशी की, कॅपॅसिटरची व्होल्टता भाराबरोबर खाली येत जाते. बॅटरीला समांतर जोडल्यावर ती 48 वरून फार तर 42 पर्यंत येते, आणि तेवढ्यात त्याच्यातली फक्त 23 टक्के ऊर्जा बाहेर पडते. बाकीची पडून राहते. अर्ध्या व्होल्टतेपर्यंत उतरवले तर 75 टक्के मिळते, पण त्यासाठी मध्ये डीसी-डीसी रूपांतरक (उतरती व्होल्टता सावरून हवी तेवढी देणारे मंडल) बसवावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून आमच्या वरिष्ठांनी विषय बदलला. दुसरी खोडी अशी की, माळेतले सगळे घट सारखे नसतात. समतोल राखणारे मंडल आम्ही काटकसरीत वगळले होते, त्यामुळे एका घटावर 2.7 पेक्षा जास्त व्होल्ट आले, तो फुगला आणि आतल्या ॲसिटोनायट्राइलचा वास खोलीभर पसरला. ते द्रावक ज्वालाग्राही आणि विषारी आहे. त्या दिवशी आम्ही दारे-खिडक्या उघडून बाहेर उभे होतो.

सियागंज_बॅटरी

बडोद्याच्या भाऊंनी लिहिले ते आमच्या ई-रिक्षावाल्यांनाही लागू आहे. चार-चार बॅटऱ्यांचा संच त्यांच्याकडेही 48 व्होल्टचाच असतो आणि राजवाड्याच्या गर्दीत दर दहा पावलांवर थांबून निघावे लागते. पण कॅपॅसिटर, रूपांतरक आणि समतोल मंडल यांची बेरीज केली तर तेवढ्यात तो लोह फॉस्फेटचा संच घेईल, जो तो प्रवाह एकट्याने देतो. मग संकर कोणासाठी?

आणि ताईंना सांगायचे राहिले. ‘जुनी दिल्याशिवाय नवी नाही’ ही अट मी एका दिवाळीत ठेवून पाहिली होती. ज्यांच्याकडे जुनी नव्हती ते पहिल्यांदाच इन्व्हर्टर बसवणारे लोक परत गेले, आणि ज्यांच्याकडे होती त्यांनी ती आधीच विकून टाकली होती.

लष्करवाली

या उत्तराने माझे समाधान झालेले नाही, पण निदान अट ठेवून पाहणारा एक दुकानदार निघाला, एवढी नोंद घेते.

तुमचा प्रश्न मात्र योग्य आहे. संकर कोणासाठी? लोह फॉस्फेटने मधली जागा बरीचशी खाऊन टाकली आहे. टेस्लाने 2019 मध्ये मॅक्सवेल ही सुपरकॅपॅसिटरची नावाजलेली कंपनी घेतली, ती मुख्यतः कोरड्या पद्धतीने इलेक्ट्रोड बनवण्याच्या तंत्रासाठी, आणि 2021 मध्ये तिचा कॅपॅसिटरचा व्यवसाय विकून टाकला. यावरून काय घ्यायचे ते ज्याने त्याने घ्यावे. मला त्यातून एवढे दिसते की कॅपॅसिटरवाल्यांकडून बॅटरीला मिळालेली सर्वांत मौल्यवान गोष्ट कारखान्यातली होती.

सिमरोळकर, आपण भुशाकडे उलट्या दिशेने पाहत आहात, असे माझे रसायनशास्त्र सांगते. सक्रिय कार्बनसाठी तुम्ही कोळशाच्या तिप्पट-चौपट वजनाचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून 700 ते 800 अंशांवर तापवता, मग आम्लाने आणि पाण्याने धूत बसता, आणि शेवटी मूठभर कार्बन हाती येतो. ते क्षारयुक्त पाणी कोठे जाते, हे लेखात नाही. माझ्या मागच्या गल्लीतल्या नालीचा अनुभव असल्याने मी विचारते. नारळाच्या करवंटीचा कार्बन कारखान्यात वाफेने सक्रिय करतात, त्याला हा त्रास नाही, आणि तोच आज बाजारात आहे. शिवाय भुशातली राख आणि धातूंचे अंश उरले तर गळतीचा प्रवाह, म्हणजे भरलेला घट आपोआप रिकामा होणे, वाढतो.

त्यापेक्षा त्याच भुशाचा हार्ड कार्बन (ज्याचे ग्रॅफाइट बनत नाही असा अव्यवस्थित रचनेचा कार्बन) करा. सोडियम-आयन बॅटरीच्या ऋण बाजूला ग्रॅफाइट नीट चालत नाही, तेथे हार्ड कार्बन लागतो. त्याला प्रचंड पृष्ठभाग नको असतो, उलट तो जितका कमी तितके पहिल्या भरणात सोडियम कमी वाया जाते. हायड्रॉक्साइड लागत नाही. निष्क्रिय वायूत 1000 ते 1400 अंशांपर्यंत तापवायचे आणि त्याआधी राख काढण्यासाठी धुवायचे. प्रति ग्रॅम 300 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास मिळतात. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने पुण्याच्याच आयसर संस्थेच्या सहकार्याने डिसेंबर 2023 मध्ये सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले, म्हणजे आपल्या भाषेच्या मुलखातच हे काम चालले आहे. सोडियमचे मिश्रधातू ॲल्युमिनियमशी बनत नसल्याने दोन्ही बाजूंना तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची पत्री चालते. आणि संकराचा हट्टच असेल, तर एका बाजूला हाच हार्ड कार्बन आणि दुसऱ्या बाजूला करवंटीचा सक्रिय कार्बन घेऊन सोडियम-आयन कॅपॅसिटर होतो.

सिमरोळकर

ताईंची सूचना आमच्या विभागात आधीच चर्चिली गेली आहे, आणि 1400 अंशांची निष्क्रिय वायूची भट्टी नसल्याने तेथेच थांबली आहे, हे त्यांना कळवतो. 800 अंशांची भट्टी होती म्हणून हायड्रॉक्साइडचा मार्ग निवडला. संशोधनाचा विषय पुष्कळदा भट्टी निवडते. धुण्याच्या पाण्याविषयीचा प्रश्न रास्त आहे. आम्ही ते उदासीन करून सोडतो, पण त्याचे प्रमाण लेखात द्यायला हवे होते, असे म्हणता येईल.

लोह फॉस्फेटने सगळी जागा खाल्ली, हे मात्र मान्य नाही. पवनचक्कीच्या पात्यांचा कोन फिरवायला, थंडीत इंजिन सुरू करायला आणि प्रत्येक थांब्यावर अर्ध्या मिनिटात भरायच्या बसला लाखो आवर्तने लागतात. शांघायमध्ये 2006 पासून तशा बस चालल्या. आपल्याकडे इस्रोच्या तंत्रज्ञानावर केरळच्या केल्ट्रॉनने कण्णूरला 2024 मध्ये सुपरकॅपॅसिटरचा कारखाना सुरू केला, तो काही कोणी अभिनंदनासाठी काढलेला नाही.

लोकमान्यनगरी

या यादीला माझा मुळीच विरोध नाही. ती सेकंदांची आणि मिनिटांची कामे आहेत. तुमच्या लेखातले इन्व्हर्टरचे काम तासांचे आहे आणि भांडण तेवढ्यापुरतेच होते. तासांचेच दुसरे काम हवे असेल तर आपल्या नळाकडे पाहा. जलूदहून नर्मदेचे पाणी इंदूरला चढवण्याचे विजेचे बिल महापालिकेच्या उरावर आहे, म्हणून 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढून तेथे 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प योजला. पंप रात्री सौर विजेवर चालवायचे तर तासन्‌तासांचा साठा लागेल, आणि तेथे सुपरकॅपॅसिटर सुचवणाऱ्याला मी स्वतः जलूदपर्यंत सोडून येईन.

तुमच्या कार्बनविषयी मत बदलायला मी तयार आहे, पण मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, दोन इलेक्ट्रोडचा पूर्ण घट करून संपूर्ण वजनावर काढलेली ऊर्जा. दुसरी, इलेक्ट्रोडवर प्रति चौरस सेंटिमीटर किती पदार्थ होता. एक मिलिग्रॅमच्या पातळ थरावर सगळेच पदार्थ गुणी ठरतात, कारखान्यात तो दहाच्या आसपास असतो. तिसरी, पूर्ण भरून तारा काढून 72 तास ठेवल्यावर उरलेली व्होल्टता. वीज रात्री जाते की दुपारी हे सांगून जात नाही; भरलेला घट तोवर गळून गेला तर आवर्तने दहा लाख असोत की कोटी, उपयोग शून्य.

लष्करवाली

आणि ती तिसरी चाचणी 25 अंशांच्या वातानुकूलित खोलीत करू नये. ग्वाल्हेरला मे महिन्यात सावलीतही 45 अंश असतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा ढोबळ नियम बॅटरी आणि कॅपॅसिटर दोघांनाही लागतो.

सिमरोळकर

पहिल्या दोन गोष्टी पुढच्या महिन्यात येथेच देतो; थर आमचा दोन मिलिग्रॅमचा आहे, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे काकांना वाट पाहावी लागणार नाही. जाड थर पत्रीवरून सोलून निघतो आणि त्यासाठी बंधकाचे (पदार्थ पत्रीला चिकटवणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण बदलून पाहणे चालू आहे. 72 तासांच्या चाचणीला चाचणी-यंत्राचा एक चॅनेल तीन दिवस अडकतो, तो मिळवण्यासाठी मला सुट्टीच्या दिवसांत नाव लावावे लागेल. 45 अंशांसाठी उष्णपेटी जीवशास्त्र विभागाकडे आहे आणि ती मागायला कोणी ओळखीचे असल्यास कळवावे.

सियागंज_बॅटरी

उष्णपेटी नसेल तर माझ्या दुकानाचा पोटमाळा मेमध्ये वापरा, भाडे घेणार नाही. व्होल्टमापक मात्र आपला आणावा. माझा गिऱ्हाइकांना दाखवायचा आहे आणि तो अर्धा व्होल्ट जास्त दाखवतो, असे माझे विरोधक म्हणतात.